तांब्याचं तोंड इतकं गोल का होतं?

थेरगावात डांगे चौकाच्या आसपासच्या एखाद्या चित्रकला वर्गात सुट्टीच्या दिवशी डोकावलं, तर दृश्य ठरलेलं असतं. स्टुलावर तांब्या, शेजारी दोन कांदे, मागे घड्या पडलेलं कापड. समोर बोर्डाला कागद लावून बसलेली सातवी-आठवीची मुलं. एलिमेंटरी या शासकीय रेखाकला परीक्षेच्या वस्तुचित्राची तयारी चाललेली असते. मुलांच्या मागून एक फेरी मारली, की बहुतेक कागदांवर तोच तांब्या भेटतो: तोंड भलतंच गोल आणि बूड पट्टी लावून आखल्यासारखं सरळ. सर खोडून लंबवर्तुळ काढून दाखवतात, मूल मान डोलावतं आणि पुढच्या कागदावर पुन्हा तोच तांब्या उतरतो.

पालकांना वाटतं, पोराचा हात वळलेला नाही. पण हात बिचारा निर्दोष आहे. त्याच मुलाला तांब्याच्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवायला सांगा, तो व्यवस्थित गिरवेल. घोटाळा हाताच्या आधी, पाहण्यात होतो.

तांब्याचं तोंड गोल असतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तो सपाट जमिनीवर डुगडुगत नाही, म्हणजे बूड सपाट, हेही ठाऊक आहे. मूल या दोन्ही गोष्टी इमानदारीने कागदावर मांडतं. ज्यांच्या घरी कोणी भोसरी-चाकणच्या कारखान्यात मशीनवर काम करतं, त्यांना हे पटकन कळेल. मुलाने टॉप व्ह्यू आणि फ्रंट व्ह्यू एकाच चित्रात जोडलेले असतात. कारखान्यातलं ड्रॉइंग वस्तू आहे कशी हे सांगतं. त्यात वर्तुळ हे वर्तुळच राहतं आणि स्टुलाचा लांबचा पाय जवळच्या पायाइतकाच उंच असतो. स्टुलावरचा तांब्या काढताना मात्र तो माझ्या जागेवरून दिसतो कसा, हे सांगायचं असतं. म्हणूनच आयुष्यभर ड्रॉइंग वाचलेला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब ठेवणारा माणूसही पहिल्यांदा स्टूल रेखाटायला बसला, की चारही पाय सारखेच लांब काढतो. त्याला चित्र येत नाही असं नाही, वेगळ्या प्रकारचं चित्र त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

मुलं दिसतं ते न काढता माहीत असतं ते काढतात, हे फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-हेन्री ल्युके यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मुलांची चित्रं अभ्यासून मांडलं. पुढे १९३१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी मोठ्या माणसांवर प्रयोग केले. तिरप्या ठेवलेल्या गोल चकतीचा आकार जसा दिसतो तसा दाखवायला सांगितलं, तर लोक तो प्रत्यक्षापेक्षा जास्त गोल दाखवतात. डोळ्याच्या पडद्यावर पडलेलं चपटं लंबवर्तुळ मेंदू आपल्याला जसंच्या तसं पोहोचवत नाही, ते खऱ्या वर्तुळाकडे ओढून घेतो. रोजच्या जगण्यात हे वरदानच आहे. ताट कुठल्याही कोनातून ताटच दिसलं पाहिजे, दूरची बस छोटी वाटून चालणार नाही. पेन्सिल हातात घेतली की मात्र हीच सोय आड येते.

१९९७ मध्ये डेल कोहेन आणि सुझन बेनेट या संशोधकांनी थेट प्रश्न विचारला: बहुतेकांना समोर दिसतं ते का काढता येत नाही? त्यांनी चार संशयित धरले. हाताचं कौशल्य, काय काढावं नि काय सोडावं याचा निर्णय, स्वतःचंच चित्र नीट न दिसणं आणि मूळ वस्तूच चुकीची दिसणं. हाताचा वाटा फारच थोडा निघाला. त्यांच्या मते मुख्य कारण शेवटचं. या निष्कर्षावर पुढे चर्चा झाली, पण शिकणाऱ्यासाठी त्यात मोठा दिलासा आहे. 'माझ्या हातात कला नाही' या वाक्याचा पायाच त्याने डळमळीत होतो. पाहणं शिकता येतं.

कसं, याचं एक उत्तर कोहेन यांनीच २००५ मध्ये दिलं. चित्र काढताना माणूस किती वेळा वस्तूकडे आणि किती वेळा कागदाकडे पाहतो, हे त्यांनी तपासलं. जे वारंवार नजर उचलून पाहतात, त्यांची चित्रं जास्त अचूक येतात. थोडंच पाहा, पण वारंवार पाहा. कारण सोपं आहे. नजर कागदावर गेली की वस्तू स्मरणात धरावी लागते, आणि वेळ जाईल तशी त्या स्मरणात आपली 'माहिती' मिसळत जाते. त्या मुलांकडे पुन्हा पाहा. तांब्याकडे एकदा बघून मान खाली घालणारा मुलगा पुढची पाच मिनिटं समोरचा तांब्या काढतच नसतो, मनातला काढत असतो.

म्हणूनच सर हात ताठ करायला लावतात. कोपर सरळ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी आणि अंगठ्याचं नख तांब्याच्या रुंदीवर. ती रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजायचं. मग तोंडाचं लंबवर्तुळ: आडवं माप घ्यायचं, उभं माप घ्यायचं. उभं माप आडव्याच्या चौथाईइतकंच निघालं की मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. इतकं चपटं? डोळा नाही म्हणत असतो, पेन्सिल हो म्हणत असते. बुडाची गंमत त्याहून मोठी. डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली जावं, तितकं लंबवर्तुळ त्याच्या रुंदीच्या मानाने फुगत जातं. म्हणजे जे बूड आपण सरळ रेषेने काढत होतो, त्याची कड तोंडापेक्षाही जास्त वाकलेली असते. हे एकदा स्वतः मोजून पाहिलेलं मूल पुढे बूड सरळ काढताना थबकतं.

थेरगावपासून पंधराएक किलोमीटरवर, शनिवारवाड्यात, हे शिक्षण सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. सवाई माधवरावांच्या काळात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने तिथे चित्रशाळा निघाली आणि १७९१ मध्ये हिंदुस्थानात आलेले स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी तिथे शिकवलं. तिथले सर्वांत नावाजलेले चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्यांचं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. वेरूळच्या लेण्यांची त्यांनी केलेली रेखाटनंही महत्त्वाची मानली जातात. हात तयार असलेल्या माणसाला एका जागेवरून दिसणाऱ्या दृश्याची खोली कागदावर आणायची नवी रीत शिकावी लागली, आणि ती तो शिकला. आमच्या शाळांत त्यांचं नावही कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. एलिमेंटरीला बसणाऱ्या पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला तो गेंडा दाखवला पाहिजे.

सरावाने मेंदूत काही बदलतं का? २०१४ मध्ये रिबेका चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी दृश्यकलेच्या आणि इतर विद्यार्थ्यांच्या मेंदूंचे स्कॅन ताडून पाहिले. पाहून चित्र काढण्यात जे सरस होते, त्यांच्या लहान मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागात आणि ललाटभागाच्या उजव्या मध्य पट्ट्यात करडं द्रव्य अधिक आढळलं. हे दोन्ही भाग बारीक हालचालींच्या नियोजनाशी जोडलेले आहेत. सरावामुळे हे झालं की मुळात होतं, एवढ्यावरून ठरत नाही. पण 'उजवा मेंदू म्हणजे कलावंत' ही लोकप्रिय समजूत याने नक्कीच अपुरी ठरते. ती पसरवण्यात बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ च्या पुस्तकाचा मोठा हात होता. त्यातला सिद्धांत टिकला नाही, तरी चित्र उलटं ठेवून काढण्याचा त्यातला व्यायाम जरूर करावा. उलट्या चित्रात नाक नाक राहत नाही, नुसती रेषा उरते, आणि मग डोळा निमूटपणे पाहतो.

आता अवघड भाग. शिकण्याची रीत माहीत असूनही मुलं चित्र सोडतात, आणि साधारण एकाच वयात सोडतात. नऊ ते बाराच्या दरम्यान मुलाला चित्र खऱ्यासारखं हवंसं वाटू लागतं, हे कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्येच नोंदवलं होतं. काल घर-डोंगर-सूर्य काढून खूश असणारी मुलगी आज तेच चित्र फाडते. तिची पारख हाताच्या पुढे गेलेली असते. घरच्यांना वाटतं आवड संपली. माझ्या मते हा प्रगतीचा पहिला पुरावा आहे, कारण चूक दिसायला लागल्याशिवाय ती सुधारत नाही. नेमक्या याच वळणावर कोणीतरी शेजारी बसून लंबवर्तुळ मोजायला शिकवलं, तर ती टिकते.

आपण मात्र त्या वळणावर बक्षीस ठेवतो. १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला प्रयोग चित्रकलेवरच होता. स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबिन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पेन पुन्हा ठेवले. बक्षिसाच्या कबुलीवर चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ पेनांकडे वळत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

एलिमेंटरीनंतरच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, हे लक्षात ठेवून हा प्रयोग वाचावा. शासकीय रेखाकला परीक्षा वाईट आहे असं मी म्हणत नाही. कामगार वस्तीतल्या असंख्य मुलांच्या हाती पहिल्यांदा चांगला ब्रश या परीक्षेमुळेच आला. एरवी चित्रकलेच्या फीला घरातून पैसे निघाले नसते. पण गुण मुलाला वर्गाच्या दारापर्यंतच आणतात. परीक्षा संपली की बोर्ड माळ्यावर जातो, कारण कारणच संपलेलं असतं.

मग टिकवतं काय? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीत आतून येणाऱ्या ओढीचा एक आधार म्हणजे 'मला हे जमू लागलंय' ही जाणीव. आपण आधी उमेद शोधतो आणि मग सरावाला बसू म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा क्रम उलटा असतो: सुधारणा डोळ्यांना दिसली की उमेद येते. म्हणून ती दिसेल अशी सोय करावी लागते. दर रविवारी नवं चित्र काढण्यापेक्षा तोच स्टीलचा पेला काढा, कोपऱ्यात तारीख घाला आणि जुना कागद टाकू नका. पवनेकाठी केजुदेवीच्या घाटावर बसून तीच पायऱ्यांची ओळ पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काढा. रात्रपाळी करणाऱ्यालाही एवढं जमतं. दोन महिन्यांनी कागद शेजारी ठेवले, की लंबवर्तुळ कुठल्या तारखेला चपटं झालं ते बोट ठेवून दाखवता येतं.

राहिला शिक्षकांचा भाग. १९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग मला प्रत्येक चित्रकला शिक्षकाच्या हाती द्यावासा वाटतो. काही मुलांना कामावर नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या वेळी ज्यांची आवडही टिकली आणि कामही सुधारलं, ती नुसता शेरा मिळालेली मुलं होती. शेऱ्यासोबत गुण दिले, की शेऱ्याचा लाभ नाहीसा झाला. आपल्या रेखाकला परीक्षेच्या निकालात श्रेणी कळते, रेष कुठे चुकली ते कळत नाही. शासनाने प्रत्येक कागदावर शेरे लिहावेत, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. पण वर्गातल्या सराव-कागदांवर दहापैकी सहा लिहिण्याऐवजी 'बुडाची कड अजून वाकव, तोंड चांगलं चपटं आलंय' एवढं मागच्या बाजूला पेन्सिलने लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही.