टायमिंग चेन: पहिल्या तीन सेकंदांचा आवाज

रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या एखाद्या मराठी घरातली गाडी डोळ्यांसमोर आणा. सकाळी सदर बाजार, संध्याकाळी चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ, आणि वर्षातून दोन-तीनदा लग्नकार्याला नागपूर. गाडी दहा वर्षांची, पण मीटरवर किलोमीटर कमी. मालक म्हणतो, "फार चाललीच नाही, चेनला काय होणार?" इथेच फसगत होते.

आधी चेनचं काम समजून घेऊ. खाली क्रँक फिरतो, वर कॅम फिरतो. क्रँकचे दोन फेरे, तेव्हा कॅमचा एक. हा मेळ चेन राखते. क्रँक मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. चेन काही दात सरकली, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं.

चेन "लांबते" म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही, सांधे झिजतात. समजा 150 सांधे आहेत आणि प्रत्येकात 2 शतांश मिलिमीटर झीज झाली, तर चेन 3 मिलिमीटर ढिली. ही ढिलाई टेन्शनर भरून काढतो. बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं, म्हणून सकाळी दाब येईपर्यंत चेन क्षणभर सैल असते.

आता छोट्या फेऱ्यांचा हिशेब करा. स्टार्ट जास्त, किलोमीटर कमी. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये मिसळलेलं इंधन आणि पाणी उडून जात नाही. डिझेल असेल तर काजळीही साचते आणि सांधे घासते. म्हणून अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर नाही, महिन्यांवर बदला. मॅन्युअलमध्ये दोन्ही मुदती असतात. जी आधी येईल ती पाळा.

तपासणी घरापासून सुरू करा. सपाट जागी, इंजिन बंद ठेवून डिपस्टिक पाहा. मग सकाळच्या पहिल्या स्टार्टला बॉनेट उघडं ठेवून ऐका. सेकंदभर खडखड होऊन थांबली, तर लक्ष ठेवा. तीन सेकंदांवर गेली किंवा रोज वाढू लागली, तर गाडी गॅरेजला दाखवा. तिथे स्कॅनरवर पी 0016 हा कोड आला, तर क्रँक-कॅमचा मेळ बिघडल्याची शंका घ्यावी. सेन्सर आणि वायरिंगमुळेही तो येतो, म्हणून फक्त कोडवरून चेन उघडू देऊ नका. टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय, ते कंपनीच्या मापाशी ताडून पाहायला सांगा.

चेन बदलायचीच ठरली, तर गाइड, टेन्शनर आणि स्प्रॉकेटही सोबत बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. गाइडचे तुकडे पडले असतील तर चेंबर उतरवून ऑइलची जाळी साफ करा. काम करताना क्रँक-कॅम लॉक हवेत. जोडल्यावर क्रँक हाताने, सरळ दिशेनेच, दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवाव्यात. हे फेरे तुमच्यासमोर करायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि नागपूरला निघायचं असेल, तर हा आवाज आठवडाभर आधी ऐका. निघायच्या दिवशी ऐकला, तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.