टायरला चकाकी हवी की निगा?

दसरा जवळ आला की वऱ्हाडातल्या वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. दसऱ्याला गाडीची पूजा, त्यानंतर अश्विन वद्य पंचमीला गुरुकुंज मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी आणि पाठोपाठ दिवाळी. या दिवसांत अमरावती, अकोला, दर्यापूर, मोर्शी, वरुडकडच्या गाड्या धुऊनपुसून महामार्गावर येतात. फोम झाला, पाणी मारून झाले, आतून व्हॅक्यूम झाला की धुणारा मुलगा शेवटी विचारतो, ‘टायर पॉलिश मारू का?’ बहुतेक जण ‘मार’ म्हणतात, कारण काळेभोर टायर दिसले की गाडी नवी वाटते आणि टायरलाही काहीतरी चांगले मिळाले असे समाधान होते. यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. टायर पॉलिश ही केवळ सजावट आहे. तिने टायरचे आयुष्य वाढत नाही. उलट ती चुकीच्या पदार्थाने किंवा चुकीच्या जागी केली तर नुकसान करते, आणि नीट केली तरी जे दिसायला हवे ते झाकते. वऱ्हाडच्या उन्हात आणि इथल्या वेगवान रस्त्यांवर हे झाकणे महागात पडू शकते.

मुळात टायर काळा का असतो, इथून सुरुवात केली तर बरेच गैरसमज दूर होतात. रबराचा स्वतःचा रंग काळा नसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींचे टायर पांढुरके असत, कारण रबरात झिंक ऑक्साइड मिसळलेले असे. पुढे कार्बन ब्लॅक नावाची बारीक काजळी मिसळली की रबर कितीतरी पट चिवट होते आणि कमी झिजते, हे लक्षात आले आणि सगळे टायर काळे झाले. या काजळीचा आणखी एक मोठा गुण म्हणजे ती सूर्याची अतिनील किरणे शोषून घेते आणि आतल्या रबराचे रक्षण करते. म्हणजे उन्हापासूनचा बचाव कारखान्यातच टायरच्या अंगात भरलेला असतो. डब्यावर ‘यूव्ही प्रोटेक्शन’ असे ठळक छापलेले असते, तेव्हा ही गोष्ट आठवावी. वरून लावलेला, चार-आठ दिवसांत धुळीबरोबर निघून जाणारा पातळ थर या अंगभूत संरक्षणात फारशी भर घालू शकत नाही.

उन्हाशिवाय रबराचा दुसरा शत्रू म्हणजे हवेतला ओझोन. तो रबराच्या रेणूंची साखळी तोडतो आणि जिथे रबर ताणलेले असते तिथे बारीक भेगा पाडतो. त्यासाठी टायरच्या मिश्रणात विशिष्ट मेण आणि ओझोनरोधक रसायने घातलेली असतात. टायर चालताना दबतो, फुगतो, वाकतो. त्या हालचालीने ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि तिथे एक सूक्ष्म पापुद्रा तयार करतात. धुतलेल्या टायरवरही काही दिवसांनी जी तपकिरी छटा दिसते, तिचे एक मोठे कारण हेच. आपण तिला मळ समजतो आणि ती कडक रसायनाने खरवडून काढतो. टायरला ‘खुराक’ मिळतो ही कल्पना बहुधा चामड्याच्या चपलेवरून आली असावी. चपलेला तेल पाजले की ती मऊ राहते. पण चामडे ही कातडी आहे, तिच्यातली स्निग्धता सुकते आणि ती भरून काढावी लागते. टायरचे रबर गंधक घालून, उष्णता देऊन पक्के केलेले असते. बाहेरून लावलेल्या पॉलिशने त्याचे पोषण होत नाही.

आता पॉलिशच्या बाटलीत काय असते ते पाहू. बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. एक पाण्यात मिसळलेल्या सिलिकॉनचा, साधारण दुधासारखा पांढरा. तो सुकल्यावर सौम्य काळेपणा देतो आणि रबराला सहसा त्रास देत नाही. दुसरा पेट्रोलियम द्रावकात विरघळवलेला, चिकट आणि आरशासारखी चमक देणारा. यातले द्रावक वारंवार लागत राहिले तर टायरच्या पृष्ठभागावरचे संरक्षक मेण विरघळवू शकते. टायर स्वच्छ करायला सौम्य साबण आणि पाणी पुरे, असा टायर उद्योगाचा सर्वसाधारण सल्ला आहे तो यामुळेच. या दोहोंपेक्षा वाईट असा तिसरा प्रकार बाटलीत मिळत नाही, पण गावोगाव वापरला जातो. डिझेल, रॉकेल किंवा इंजिनातून काढलेले जळके ऑइल फडक्याने टायरवर फिरवले जाते. खनिज तेल रबरात मुरते, रबर फुगते, मऊ पडते आणि त्याची ताकद कमी होते. टायर तासाभरात काळा दिसतो, पण त्याची किंमत टायरच मोजतो. डिझेल आणि जळके ऑइल टायरला कधीही लावू नये, यात दुमत असण्याचे कारण नाही.

वऱ्हाडात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो तो इथल्या हवामानामुळे, पाण्यामुळे आणि रस्त्यांमुळे. अकोला-अमरावतीचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास तापतो आणि डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक गरम होतो. हिवाळ्यातल्या १२ अंशांच्या पहाटे ३३ पीएसआय असलेली टायरमधली हवा, तेवढीच राहिली तरी, ४४ अंशांच्या दुपारी केवळ तापमानामुळे सुमारे ५ पीएसआयने वाढते. उलट, महिनोन्महिने हवा न तपासलेला टायर कमी हवेवर धावतो तेव्हा त्याच्या बाजूच्या भिंती सतत वाकून आतूनच तापतात. टायर फुटण्यामागे बरेचदा ही आतली उष्णता असते. पाण्याची गोष्ट वेगळीच. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की सुकताना टायरवर क्षारांचे पांढरे डाग उमटतात आणि ते झाकायला पॉलिशचा मोह होतो. खरे तर शेवटचे पाणी गोडे वापरले, किंवा ओला टायर लगेच कोरड्या फडक्याने पुसला, तर ते डाग राहत नाहीत. पॉलिशचा थर चिकट असेल तर काळ्या मातीच्या रस्त्यावरची धूळ त्यावर बसते, आणि दोन दिवसांत तोच टायर न धुतलेल्या टायरपेक्षा मळकट दिसतो. जास्त लावलेले पॉलिश चाक फिरताना उडते आणि दरवाजाच्या खालच्या भागावर काळे ठिपके पाडते.

या सर्वांपेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे पॉलिश टायरचे वय आणि दुखणे लपवते. बाजूच्या भिंतीवरच्या केसाएवढ्या भेगा, खड्ड्यात आदळून आलेला फुगवटा, दगडाने गेलेला काप, या खुणा कोरड्या, स्वच्छ टायरवर चटकन दिसतात. ओल्या चमकेखाली बारीक भेगा तर दिसेनाशाच होतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात याचा थेट तोटा ग्राहकाला होतो, कारण विकायच्या गाडीचे टायर आवर्जून चमकवलेले असतात. म्हणून चमक न पाहता आकडे वाचावेत. टायरच्या बाजूला ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. वापराला ५ वर्षे झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि निर्मितीपासून १० वर्षे झाली की नक्षी शिल्लक असली तरी टायर बदलावा, असे मिशेलिनसारखी कंपनी सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पॉलिश यातले काहीच सुधारत नाही. समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. तिथे तपासणाऱ्याची नजर नक्षीवर आणि भेगांवर होती. गाडीच्या मालकाची नजरही तिथेच असायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा की इथले ऊन इतके प्रखर असताना टायर उघडा ठेवावा कसा? आक्षेप रास्त आहे, पण उपाय दुसरा आहे. जो टायर रोज धावतो त्याच्या पृष्ठभागावर संरक्षक मेण येत राहते आणि भेगा पडण्याआधी बहुधा नक्षीच संपते. उन्हाने आणि ओझोनने अधिक हाल होतात ते उभ्या टायरचे. कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामापुरती बाहेर निघणारी ट्रॉली, टायरची बैलबंडी, अंगणात महिनोन्महिने उभी असलेली गाडी यांचे टायर हालत नाहीत. मग मेण पुरेसे वर येत नाही, आणि भार एकाच जागी राहतो. अशा टायरना पॉलिशचा उपयोग नाही. त्यांना गोठ्याची किंवा झाडाची सावली हवी, चाकावर पोत्याचे आच्छादन हवे, हवा पुरेशी हवी आणि अधूनमधून दोन-चार फेऱ्या हव्यात. हा उपाय जवळजवळ फुकट आहे आणि कोणत्याही बाटलीपेक्षा अधिक परिणामकारक आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. ‘वर्षानुवर्षे मारतो, काही झाले नाही.’ हेही मान्य करावे लागते. चांगल्या प्रतीचे, पाण्यावर आधारित पॉलिश केवळ बाजूच्या भिंतीला, पातळ लावले तर त्याने टायर खराब होतो असे म्हणता येणार नाही. सण आहे, घरात लग्न आहे, गाडी पूजेला उभी आहे, तेव्हा ती देखणी दिसावी असे वाटण्यात काहीही गैर नाही. मग ते नीट करावे. आधी टायर मऊ ब्रशने आणि सौम्य शॅम्पूने धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा आणि त्याच कोरड्या अवस्थेत चारही टायर नीट पाहावेत. पॉलिश फवाऱ्याने न मारता स्पंजावर घेऊन लावावे, म्हणजे ते ब्रेक डिस्कवर उडत नाही. पाच-दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादा थर पुसावा आणि थोडा वेळ गाडी हलवू नये. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला पॉलिशचा थेंबही लागता कामा नये. दुचाकीला मात्र टायर पॉलिश लावूच नये. वळताना दुचाकी कलते, टायरचा कडेचा भाग रस्त्याला टेकतो आणि तिथला निसरडेपणा थेट अपघाताला आमंत्रण देतो.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे. महामार्गालगतच्या वॉशिंग सेंटरवर काम करणाऱ्या तरुणांना टायर पॉलिशचे जे चार पैसे सुटतात ते का बंद करावेत? ते बंद करू नयेत, अधिक उपयोगी कामाकडे वळवावेत. गाडी धुताना टायरच्या इतक्या जवळ त्या मुलाइतका दुसरा कोणीही जात नाही. तो कुटुंबाच्या सुरक्षिततेचा पहिला तपासनीस होऊ शकतो. स्टेपनीसह पाचही टायरची हवा मोजणे, बनावटीचा आठवडा आणि वर्ष वाचणे, नक्षी पाहणे, भेगा आणि फुगवटे मालकाला दाखवणे, हे सारे दहा मिनिटांत होते. त्यासाठी लागते एक हवामापक आणि थोडे शिक्षण. पॉलिशऐवजी ‘टायर तपासणी’ असे दरपत्रकावर लिहिले आणि त्याचे पैसे घेतले, तर मालक ते आनंदाने देईल, कारण ती माहिती त्याला दुसरीकडे सहज मिळत नाही.

अमरावती जिल्ह्याने महाराष्ट्राला स्वच्छतेचा विचार दिला आहे. गाडगे महाराजांनी हातात खराटा घेतला आणि तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभारून ग्रामसफाई रोजच्या जगण्याचा भाग केली. दोघांच्याही शिकवणीत स्वच्छता म्हणजे घाण काढणे आणि त्यातून आरोग्य राखणे होते. तोच निकष गाडीला लावला तर उत्तर सरळ मिळते. टायर धुवा, कोरडा करा, डोळ्यांनी पाहा, हवा गाडीच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी ठेवा, आणि ती सकाळी टायर थंड असताना मोजा. तापलेल्या टायरमधली हवा कमी करू नका. हे झाल्यावर वाटले तर सणासुदीला पाण्याचे पॉलिश पातळ लावा. नाही लावले तरी टायरचे काही बिघडत नाही. या दसऱ्याला गाडी धुवायला द्याल तेव्हा पॉलिशच्या आधी एवढेच सांगा, ‘भाऊ, टायर कोणत्या सालचे आहेत ते आधी बघून सांग.’