हुशारांची ‘अ’ तुकडी नव्हे

सिंगापूरमध्ये चाळीस वर्षं तिसरीतल्या मुलांची ऑगस्टमध्ये एक चाचणी होत आली. विषय दोनच, इंग्रजी आणि गणित. त्यातून निवडलेली मुलं ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या चाचणीला बसत आणि तिथे याच दोन विषयांना सामान्य बौद्धिक क्षमतेची जोड मिळत असे. शेवटी साधारण एक टक्का मुलं निवडली जात. चौथी ते सहावी ही तीन वर्षं ती ‘गिफ्टेड एज्युकेशन प्रोग्रॅम’मध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘जीईपी’मध्ये शिकत. १९८४ मध्ये हा कार्यक्रम प्राथमिक स्तरावर रॅफल्स गर्ल्स प्रायमरी आणि रोसाइथ या दोन शाळांत सुरू झाला आणि पुढे नऊ शाळांपर्यंत वाढला. नोकरीधंद्यासाठी तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही मूल दुसरी-तिसरीत गेलं की हा विषय निघतो. २०२४ मध्ये सरकारने हा कार्यक्रम सध्याच्या रूपात थांबवण्याची घोषणा केल्यापासून तर आधीच्या गैरसमजांत नव्यांची भर पडली आहे.

सगळ्यात खोलवर रुजलेला समज असा, की जीईपी म्हणजे हुशारीचं बक्षीस. आपल्याकडे तो रुजण्याचं कारण उघड आहे. आपल्या डोळ्यांसमोर शिष्यवृत्ती परीक्षा असते. राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा, मग गुणवत्ता यादी, शाळेच्या फळ्यावर नाव, घरी पेढे आणि थोडीफार रक्कम. हे सगळं चांगलंच आहे. पण दुसऱ्या दिवशी ते मूल त्याच बाकावर बसतं आणि ज्या धड्यातलं त्याला सगळं येतं तोच धडा पुन्हा ऐकतं. शिष्यवृत्तीने त्याच्या शिकण्यात काहीच बदलत नाही. जीईपीत नेमकं उलटं आहे. तिथे रक्कम मिळत नाही, बदलतो तो रोजचा तास. ज्या मुलाला एकदा सांगितलेलं पुरतं त्याला तेच पाच वेळा ऐकवलं, तर ते कंटाळतं हा त्यातला लहान तोटा. मोठा तोटा हा, की अवघड गोष्टीशी झटायची त्याला सवयच लागत नाही. ‘हुशार मूल काय, कुठेही शिकेल’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. असं मूल गुण मिळवेल, पण गुण मिळवणं म्हणजे शिकणं नव्हे.

दुसरा समज: या मुलांना पुढच्या इयत्तेचा पोर्शन आधीच शिकवतात. तसं नाही. अभ्यासक्रमाचा पाया तोच राहतो, त्यातल्या विषयात जास्त खोल आणि जास्त रुंद जायचं असतं. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र या विषयांत असं काम होतं. शिवाय मूल स्वतः निवडलेल्या प्रश्नावर छोटं संशोधनही करतं. हा फरक नीट कळावा म्हणून चौथीच्या वयाचं एक उदाहरण घेऊ. क्षेत्रफळ आणि परिमिती शिकवून झाली, की नेहमीच्या वर्गात मापं देऊन उत्तरं काढायला सांगतात. त्याच धड्यातून वेगळा प्रश्न काढता येतो. लांबी-रुंदी पूर्णांकात असलेले असे कोणते आयत आहेत, ज्यांच्या क्षेत्रफळाचा आणि परिमितीचा आकडा एकच येतो? मुलं चाचपडतात आणि त्यांना चार बाय चारचा चौरस सापडतो, दोन्हीकडे १६. मग तीन बाय सहा सापडतो, दोन्हीकडे १८. खरं काम इथून पुढे सुरू होतं: आणखी आहेत का? नसतील, तर कशावरून? रुंदी एक किंवा दोन असेल, तर परिमितीचा आकडा नेहमीच मोठा राहतो. धाकटी बाजू पाच किंवा त्याहून मोठी असेल, तर क्षेत्रफळाचा आकडा नेहमी पुढे जातो. उरल्या तीन आणि चार, आणि त्यांची उत्तरं हातात आहेतच. या सगळ्यात बीजगणित नाही, पाचवीचा एकही धडा नाही, तरी दहा वर्षांच्या मुलाने आयुष्यातली पहिली सिद्धता केलेली असते. पोर्शन पुढे पळवण्यापेक्षा हे शिकवणं कितीतरी अवघड आहे. म्हणूनच अशा वर्गांसाठी शिक्षक वेगळे निवडावे लागतात, त्यांना वेगळं प्रशिक्षण द्यावं लागतं आणि वर्गही लहान ठेवावे लागतात.

‘क्लास लावला की जमतं’ हा समज सिंगापूरमध्ये धंदा होऊन बसला आहे. जीईपीची तयारी करून देणाऱ्या शिकवण्या तिथे राजरोस चालतात. चाचणीसाठी मुलांना तयार करू नका, असं शिक्षण मंत्रालय पालकांना सांगत आलं आहे. सरावाने गुण वाढत नाहीत, असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल. एका धाटणीचे प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवले, की त्या धाटणीत हात बसतोच. पण चाचणी मोजू पाहते ती अनोळखी प्रश्नाला भिडण्याची ताकद, आणि प्रश्न ओळखीचे करून ठेवले की ते मोजमापच बिघडतं. त्याची किंमत दोन मुलं मोजतात. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत ते मूल बाहेर राहतं. आणि जे ओढूनताणून आत पोचतं ते तीन वर्षं आपण कमी पडतो असं समजत बसतं. निवडक मुलांच्या वर्गात गेल्यावर स्वतःच्या क्षमतेबद्दलचं मुलाचं मत खाली येऊ शकतं, हे हर्बर्ट मार्श यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिलं आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला या शर्यतीत उतरवणाऱ्या पालकांनी एवढं तरी आधी वाचावं, असं मला कळकळीने वाटतं.

काही समज थोडक्यात निकाली निघतात. हा खासगी, महागड्या शाळांचा कार्यक्रम नाही, नऊच्या नऊ शाळा सरकारी किंवा सरकारी अनुदानित आहेत. या मुलांना प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेतून, म्हणजे ‘पीएसएलई’तून सूट मिळत नाही. सहावीच्या अखेरीस सगळ्या देशाचा तोच पेपर तीही लिहितात. माध्यमिक शाळेतली जीईपी अजून चालू आहे असंही कुणी सांगतं. ती २००८ मध्येच संपली. या मुलांना इतरांपासून पूर्ण तोडून ठेवतात, ही तक्रार मात्र निराधार नव्हती. ती ओळखूनच २००७ नंतर तासांपैकी निम्म्यापर्यंत वेळ ही मुलं शाळेतल्या बाकीच्या मुलांसोबत घालवू लागली.

आता नवा समज: ‘बंद केली, म्हणजे फसली होती.’ पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी ऑगस्ट २०२४ च्या राष्ट्रीय दिनाच्या सभेत जे सांगितलं ते वेगळं आहे. २०२४ मध्ये पहिलीत आलेली मुलं २०२७ मध्ये चौथीत जातील, तेव्हा निवडलेल्या मुलांना शाळा बदलावी लागणार नाही. प्रत्येक प्राथमिक शाळेने पुढे धावणाऱ्या मुलांची सोय आपल्याच आवारात करायची आहे. त्याहून जास्त खाद्य हवं असलेल्यांसाठी जवळपासच्या पंधराएक शाळांत शाळा सुटल्यावर वर्ग भरतील. निवडीसाठी दोनऐवजी एकच चाचणी राहील आणि तिच्या जोडीला शिक्षकांचं निरीक्षण धरलं जाईल. शाळा आपापल्या पातळीवर घेत असलेल्या उपक्रमांसह असा लाभ मिळणारी मुलं साधारण सात टक्के होती, ती दहा टक्क्यांपर्यंत न्यायची आहेत. मला ही दिशा योग्य वाटते. तिचं यश मात्र साध्या शाळेतल्या साध्या शिक्षकाला आयताचा तो प्रश्न विचारायला किती वेळ आणि किती प्रशिक्षण मिळतं, यावरच ठरेल.

शेवटचा गैरसमज एक टक्क्यातली सगळी मुलं सारखी धरण्याचा. नेहमीच्या बुद्ध्यांक मोजणीत १३० च्या वर साधारण चव्वेचाळीसात एक मूल असतं, १४५ च्या वर सुमारे साडेसातशेत एक, आणि १६० च्या वर सुमारे तीस हजारांत एक. सिंगापूरमध्ये एका इयत्तेत साधारण चाळीस हजार मुलं असतात, म्हणजे या शेवटच्या गटातलं मूल वर्षाला एखादंच. वरच्या एक टक्क्यासाठी आखलेला वर्गही त्याला थिटाच पडतो. साध्या चाचणीत त्याच्यातलं आणि शंभरात पहिल्या येणाऱ्या मुलातलं अंतर दिसतही नाही, कारण दोघंही सगळी उत्तरं बरोबर देतात. म्हणून अशा मुलाचा विचार मंत्रालय स्वतंत्रपणे करतं. मानसशास्त्रज्ञाचा अहवाल पाहून कुणाला वयाआधी शाळेत प्रवेश मिळतो, कुणाला एक इयत्ता ओलांडू दिली जाते. कुणी फक्त गणितापुरतं वरच्या वर्गात बसतं आणि बाकीचा दिवस आपल्या वयाच्या मित्रांसोबत काढतं. ही शेवटची सोय करायला वेगळी शाळा लागत नाही की वेगळी चाचणी. दोन वर्गांचं वेळापत्रक जुळवणारा मुख्याध्यापक मिळाला, की ती पुण्यातल्या पालिकेच्या शाळेतही होऊ शकते.