रेणूतली नाती वाचणारा संगणक

डिझेलच्या धुरात नायट्रो-संयुगं असतात. त्यातली काही जिवाणूंच्या डीएनएत उत्परिवर्तन घडवतात. कोणती, हे रेणूची रचना पाहून सांगता येईल? नेहमीच्या मशीन लर्निंगला प्रत्येक रेणूमागे आकड्यांची एकच ओळ लागते. पण रेणूचा स्वभाव कोणता अणू कोणाशी, कशा बंधानं जोडलाय यावरही ठरतो. अख्खा गोतावळा एका रकान्यात कसा मावणार?

स्टीफन मगल्टन यांनी 1991 साली मांडलेल्या 'इंडक्टिव्ह लॉजिक प्रोग्रॅमिंग'मध्ये ही नाती तर्कविधानं म्हणूनच लिहितात: हा अणू कार्बनचा, या दोघांत दुहेरी बंध. उदाहरणं आणि आधीचं ज्ञान यांतून संगणक नियम शोधतो. 1996 साली रॉस किंग, मगल्टन, मायकेल स्टर्नबर्ग आणि पुढे गोव्यात बिट्स पिलानीच्या संकुलात प्राध्यापक झालेले अश्विन श्रीनिवासन यांनी 230 संयुगांवर 'प्रोगॉल' ही प्रणाली वापरली. त्यातल्या 42 संयुगांपुढे रूढ सांख्यिकी अडली होती. तिथेच प्रोगॉलला नवी खूण सापडली: पाच अणूंच्या ॲरोमॅटिक कड्याशी जोडलेला दुहेरी बंध.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की असा नियम वाचता येतो. रसायनतज्ज्ञ तो तपासू शकतो, खोडूही शकतो. विदेतल्या चुका मात्र निव्वळ तर्काला जाचतात, म्हणून पुढे त्याला संभाव्यतेची जोड मिळाली.