देवरूखच्या दोघी बहिणी

श्रोतेहो, आपल्या कोकणात एखादी सासुरवाशीण कायमची माहेरी परतली, म्हणजे वाडीत पहिला प्रश्न कोणता निघतो? "आता हिचं कसं व्हायचं?" प्रश्न मायेपोटीच विचारतात, नाही असे नाही. पण तो भावाला विचारतात, भावकीला विचारतात, शेजारणीला विचारतात. तिला तेवढे कोणी विचारीत नाही. नवरा वारलेला असो, मुंबईला जाऊन फिरकेनासा झालेला असो, की कोर्टात फारकत झालेली असो, तिचे पुढचे आयुष्य दुसऱ्याच कोणी ठरवायचे, अशी आपली समजूत असते. हा प्रश्न जिने तिने स्वतः सोडवायचा म्हटले तर काय काय लागते, ते आज पाहू. त्यासाठी लांब जायला नको. देवरूखला जाऊ.

देवरूखच्या जोशांच्या घरातल्या ह्या दोन मुली. थोरली गोदूबाई. लहानपणीच तिला नातूंच्या घरी दिली आणि काही महिन्यांतच नवरा वारला. संसार म्हणजे काय हे कळायच्या आधीच संसार संपला, आणि पुढची कितीतरी वर्षे सासरच्या घरात राबण्यात गेली. धाकटी पार्वतीबाई, आठवल्यांच्या घरी दिलेली. तिचा संसार झाला, मुलगा झाला, आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास तीही विधवा होऊन माहेरी आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन आणि लाल आलवण दोघींच्याही वाट्याला आले.

थोरलीला वाट सापडली ती भावामुळे. भाऊ नरहरपंत मुंबईला शिकायला होता. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा त्याने बहिणीला तिथे नेऊन दाखल केले. सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. वय पंचविशीकडे झुकलेले आणि हातात मुळाक्षरांची पाटी! शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गात एवढ्या वयाची बाई येऊन बसली तर तिला पहिला दिवस किती अवघड जाईल, ह्याची कल्पना तुम्हालाच येईल.

नरहरपंतांचे मित्र म्हणजे मुरूडचे धोंडो केशव कर्वे. त्यांची पत्नी १८९१ साली वारली होती आणि पुन्हा लग्न केले तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्याला गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागले. विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता, म्हणजे लग्न कायदेशीर होऊन सदतीस वर्षे लोटली होती. तरी मुरूडकरांनी सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला. कागदावर मिळालेला हक्क वाडीच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतात, ते इथे दिसते.

बाया लग्न करून स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले. नवरा चांगला होता, पण त्याचे चित्त आणि पगार दोन्ही संस्थेकडे. तेव्हा आपल्या हातात काहीतरी असावे, हे त्या पुरते ओळखून होत्या. आणि गंमत पहा, ही गंमत कडूच आहे. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, पण बाया पुनर्विवाहित, म्हणून त्या आश्रमात त्यांना सुरुवातीला मोकळेपणाने वावरता येईना. वर्गणीदार बिथरतील ही भीती!

धाकटीने वेगळा रस्ता धरला. पार्वतीबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. पुण्याला येऊन त्या अक्षरे शिकल्या, आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या, आणि वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. विधवेच्या वेषातच त्या सभेत उभ्या राहून बोलत. तो वेष त्यांनी १९१२ साली आपल्या मनाने टाकला आणि केस वाढविले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, स्वतःला पटले तेव्हा. पुढे १९१८ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी धड येत नव्हते. लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले, भाषा शिकल्या, आणि १९२० साली परतल्या.

एकीने लग्न केले, एकीने नाही केले. ह्यात कोणती बरोबर, असा निवाडा करण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे मला वाटते. दोघींना आधी जे मिळाले ते सारखेच होते: हक्काचे छप्पर, शिक्षण, आणि आपल्या हाताची कमाई. लग्न करायचे की नाही, हे त्यांना त्यानंतर ठरवता आले. आपण मात्र उलटे करतो. आधी स्थळ शोधतो, नाहीतर तिला माहेरच्या पडवीत कायमची बसवतो.

छपराविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २००५ सालापासून हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. तेव्हा परतलेली लेक भावाच्या उपकारावर राहते, असे कोणी म्हणू नये. नवरा वारला असेल तर त्याच्या मिळकतीत विधवेचा मुलांबरोबर वाटा असतो, आणि पुढे तिने पुनर्विवाह केला तरी मिळालेला वाटा जात नाही. मात्र सातबाऱ्यावर वारस नोंद वेळेवर करून घ्यावी. आंब्याच्या कलमांचे खाते सामाईक असले की ही नोंद "करू, करू" म्हणत वर्षानुवर्षे राहते, आणि मग भांडणे लागतात.

नवऱ्याने टाकले असेल तर पोटगीचा अर्ज करता येतो. तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली होतो, आणि धर्म कोणताही असो, पत्नीला ती वाट मोकळी आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडायचे कारण नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

गावाचे काय? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सुचविले. मुरूडची सभा आठवा. एका गावाची सभा बहिष्कारासाठी भरली, दुसऱ्या गावाची ह्यासाठी. सभा तीच, माणसे तशीच.

आता शिक्षकांकडे एक मागणे आहे. राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. ही मुले शाळेत यायला अजून अवकाश आहे. पण आज वर्गात असलेल्या मुलाला सगळ्यांसमोर "वडील काय करतात?" असे विचारण्याऐवजी "घरी कोण कोण असतं?" असे आपण आजच विचारू शकतो. निरोप पाठवायचा तर आईच्या नावाने पाठवावा. तिचे नाव चिठ्ठीवर लिहिलेले कदाचित ती प्रथमच पाहत असेल.

देवरूखच्या ह्या दोघी बहिणींनी आपापली आत्मचरित्रे मराठीतच लिहून ठेवली आहेत. पार्वतीबाईंचे 'माझी कहाणी', आणि बायांचे 'माझे पुराण'. शाळेच्या कपाटात नसतील तर तालुक्याच्या वाचनालयात चौकशी करावी. महिला मंडळाच्या बैठकीत रोज चार पाने मोठ्याने वाचली, तरी पावसाळा संपेपर्यंत दोन्ही पुस्तके वाचून होतील.