न अडवता मोजलेला झोत

क्ष-किरणांचा झोत मोजायला वाटेत जाड पडदा धरला, तर झोत तिथेच शोषला जाईल. मग प्रयोगाला उरणार काय?

जर्मनीत हॅम्बुर्गजवळ २०१७ साली सुरू झालेला मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर सेकंदाला २७,००० पर्यंत क्ष-किरण-स्पंद देऊ शकतो. अडचण अशी, की प्रत्येक स्पंदाची ऊर्जा वेगळी. कारण तो इलेक्ट्रॉनांच्या घोळक्यातील अनियमित चढउतारांतून जन्मतो. ती ठाऊक नसेल, तर रेणूचे चित्र ठळक उमटले ते रेणूमुळे की स्पंदामुळे, हे ठरवणार कसे?

यावर युक्ती अशी : स्पंद झेनॉनसारख्या अतिविरळ वायूतून जाऊ द्यायचा. तो मोजक्याच अणूंतील इलेक्ट्रॉन उडवतो. सुटलेले आयन व इलेक्ट्रॉन विद्युत्क्षेत्राने ओढून मोजायचे. जितके फोटॉन अधिक, तितके आयन अधिक. स्पंद मात्र जवळजवळ जसाच्या तसा प्रयोगाकडे जातो!