कुत्र्याची समाधी आणि सातारची गादी

इंग्रज जमीनदारांनी आपापल्या बागांत कुत्र्यांच्या ज्या समाध्या बांधल्या, त्यांची टिपणं मी बरीच वर्षं काढत आलो आहे. छंद बिनकामाचा आहे. घरची माणसं पाहुण्यांसमोर त्याचा विषय काढत नाहीत. या समाध्यांमधली सर्वांत नामांकित म्हणजे नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूस्टेड ॲबीतली, कवी लॉर्ड बायरनच्या बोसन नावाच्या कुत्र्याची. भाचा नॉटिंगहॅमला असतो. त्याच्याकडे मुक्कामाला गेलो की त्याच्या मोत्याला घेऊन मी तिथं जातो. मोत्या म्हातारा लॅब्रॅडोर. प्रत्येक झाडाची त्याला सविस्तर चौकशी करायची असते, त्यामुळं आमची रपेट कमालीची संथ चालते. संशोधनाला ही गती मानवते.

फाटकाशी एक प्रचंड जुना ओक आहे, ‘पिल्ग्रिम ओक’. तिथून मैलभर रस्ता झाडीतून उतरत तळ्याशी येतो. या तळ्याच्या काठी पाचव्या लॉर्ड बायरननं, म्हणजे कवीच्या चुलत आजोबांनी, लुटुपुटूचे किल्ले बांधले आणि पाण्यात तोफांसकट खोट्या नाविक लढाया खेळल्या. शिकारीचे प्राणी आपल्या रानात कसे राखावेत, या वादातून 1765 मध्ये त्यानं लंडनच्या खानावळीत विल्यम चॉवर्थ या शेजाऱ्याला तलवारीनं ठार मारलं होतं. उमरावांच्या सभागृहात खटला चालला आणि स्वारी दंड भरून घरी आली. पुढं त्यानं रानातले ओक तोडून विकले, हरणं मारली. 1798 मध्ये तो वारला तेव्हा उजाड रान आणि गळकं छप्पर दहा वर्षांच्या चुलत नातवाच्या, म्हणजे कवीच्या, पदरी पडलं.

न्यूस्टेड मूळचा मठ. त्याचा इतिहास (बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीनं स्थापना, 1539 मध्ये आठव्या हेन्रीकडून टाळं, लगेच पुढच्या वर्षी बायरन घराण्याची खरेदी) माहितीफलकांवर आहे, तो तिथंच बरा. पाहायची ती चर्चची उरलेली पश्चिमेकडची भिंत. तिच्यामागं चर्च नाही, नुसती हिरवळ आहे. मोर मोकळे फिरतात म्हणून मोत्याची साखळी इथं आखडून धरावी लागते.

आणि याच हिरवळीवर, जिथं चर्चची मुख्य वेदी होती असं कवी मानत होता तिथं, बोसनची समाधी आहे. बोसन न्यूफाउंडलंड जातीचा, जन्म 1803 चा. नोव्हेंबर 1808 मध्ये त्याला पिसाळ झाली. रोग काय आहे हे न ओळखता बायरन त्याच्या तोंडाची लाळ उघड्या हातानं पुसत होता, असं त्याचा चरित्रकार थॉमस मूरनं लिहून ठेवलं आहे. वेदीच्या जागी कुत्रा पुरणं हा चर्चला मुद्दाम काढलेला चिमटा होता, याबद्दल मला शंका नाही. त्याखालचं तळघर कवीनं स्वतःसाठीही राखलं होतं. 1811 च्या मृत्युपत्रात तशी अट घातली, वकिलांनी हरकत घेतली तरी मागं घेतली नाही. जो मरे या म्हाताऱ्या नोकरालाही त्यानं शेजारी जागा देऊ केली होती. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगनं मरेचं उत्तर नोंदवलं आहे: मालक नक्की येणार असतील तर ठीक, पण एकट्यानं कुत्र्यासोबत पडून राहणं काही जमायचं नाही. म्हाताऱ्याचा अंदाज अचूक ठरला. कर्जापायी न्यूस्टेड 94,500 पौंडांना विकावं लागलं आणि कवी जवळच्याच हकनॉलच्या चर्चमध्ये, चारचौघांसारखा घराण्याच्या तळघरात पुरला गेला.

समाधीच्या दगडावर आधी एक गद्य परिच्छेद आहे आणि खाली कविता. कविता बायरनची. माणसावर तोंडसुख घेणारी, विशीतल्या उमरावानं लिहावी तशीच. लोकांच्या तोंडी मात्र गद्यच बसलं आहे. या प्राण्यात माणसाचे सगळे गुण होते आणि त्या गुणांना चिकटून येणारे दोष नव्हते, अशा धाटणीचा तो मजकूर आहे. आजही कुत्र्यांच्या थडग्यांवर तो बायरनच्या नावानं कोरला जातो. तो बायरनचा नाही. त्याचा मित्र जॉन कॅम हॉबहाऊस यानं तो लिहिला. 1830 च्या एका पत्रात त्यानंच ते सांगितलं आहे. मुळात बायरनला कवितेच्या शेवटच्या दोनच ओळी दगडावर हव्या होत्या.

हॉबहाऊस हे नाव मी आधी वाचलं होतं, पण कुत्र्यांच्या संदर्भात नव्हे. प्रबोधनकार ठाकऱ्यांच्या पुस्तकामुळं सातारच्या रंगो बापूजींचं प्रकरण डोक्यात बसलेलं. 1839 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं सातारच्या प्रतापसिंह छत्रपतींना गादीवरून काढून काशीला पाठवलं. आरोप होते गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे. त्यांचे वकील रंगो बापूजी दाद मागायला लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथंच झगडत राहिले. या काळात कंपनीच्या कारभारावर हुकूम चालवणाऱ्या ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’चे अध्यक्ष 1835 ते 1841 आणि पुन्हा 1846 ते 1852 कोण होते? सर जॉन कॅम हॉबहाऊस. तोच हा माणूस.

मधला प्रवासही वाचण्यासारखा आहे. बायरनसोबत 1809 मध्ये तो पूर्वेकडं भटकला. 1819 मध्ये सरकारविरोधी पत्रकापायी न्यूगेटच्या तुरुंगात गेला. सुटताच वेस्टमिन्स्टरमधून जहाल खासदार म्हणून निवडून आला. 1824 मध्ये बायरन वारल्यावर त्याच्या आठवणींचं हस्तलिखित प्रकाशक जॉन मरेच्या घरच्या शेगडीत जाळलं गेलं. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत हॉबहाऊस पुढं होता, आणि ते हस्तलिखित त्यानं वाचलेलंही नव्हतं. मित्राच्या अब्रूसाठी केलं म्हणे. मी त्याला हे कधीच माफ केलेलं नाही.

पण खरा दस्तऐवज डिसेंबर 1847 चा आहे. प्रतापसिंह ऑक्टोबरात काशीला वारले होते. डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन निघाला होता, अजून कलकत्त्याला पोचला नव्हता. हॉबहाऊसनं त्याला पत्र लिहिलं. माजी राजाचा मृत्यू अगदी सोयीच्या वेळी आला, गादीवरच्या भावाची प्रकृती वाईट आहे असं कळतं, आणि तो मुलाविना गेला तर दत्तकाला परवानगी न देता हे चिमुकलं राज्य खालसा करावं, असं आपलं पक्कं मत त्यानं कळवून टाकलं. चारच महिन्यांनी, एप्रिल 1848 मध्ये, हे भाऊ, शहाजीराजे, गेले. मरणापूर्वी दत्तक घेतला होता, मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क खालसा करण्याच्या विरोधात होता. उपयोग झाला नाही.

आपली शालेय पुस्तकं या पापाचं सगळं माप डलहौसीच्या पदरात घालतात. त्यानं ते उत्साहानं वाहिलं हे खरंच, पण सातारचा निकाल तो कलकत्त्याला पोचण्याआधीच लंडनमध्ये लिहून तयार होता. आणि लिहिणाऱ्याची लेखणी तीच, जिनं न्यूस्टेडच्या हिरवळीवर बळ असून उर्मट नसलेल्याची वाखाणणी केली होती. विशीतलं लिखाण साठीतल्या माणसावर ओझं म्हणून लादू नये, असं माझा इतिहासकार मित्र म्हणतो. मला ते पटत नाही. हॉबहाऊस काही बदललेला नव्हता. कुत्र्याबद्दल त्यानं लिहिलं ते त्याला वाटत होतं आणि सातारबद्दलचंही वाटतच होतं.

1851 मध्ये त्याला बॅरन ब्रॉटन केलं गेलं. 1869 मध्ये तो वारला. मुलीनं त्याच्या आठवणी पुढं खंडांनी छापल्या, पण त्या वेचक आहेत; मूळ रोजनिशा लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बायरनचे अभ्यासक 1824 पर्यंतची पानं चाळून थांबतात, कारण त्यांचा नायक तिथं संपतो. आपल्याला हवी ती पानं 1839 आणि 1847 ची. सातारच्या इतिहासावर काम करणाऱ्या कुणा तरुणानं ती रोजनिशी तारीखवार वाचावी, आणि शेजारी रंगो बापूजींचे अर्ज ठेवावेत.